साकूताई

रविवार, १ डिसेंबर १९७४

आज चित्रपट मंडळाच्या बैठकीत माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं आणि आता ते गिळता येत नाही. पंधरा तारखेला कानडी चित्रपट दाखवायचा ठरलाय. खाली इंग्रजी अक्षरं येणारी प्रत मिळत नाही, नुसती कानडीच मिळेल, असं पत्र आलं. सभासदांना कळणार कसं, यावर सगळे छताकडे बघायला लागले. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? खेळाआधी अर्धा तास मी बोलतो. सोलापुरात राहणाऱ्याला कानडी कुठं परकी आहे?" सगळ्यांना हायसं वाटलं. पुण्याचे एक समीक्षक पाहुणे म्हणून येणार आहेत. त्यांच्यासमोर बोलायला मिळणार म्हणून मलाही बरं वाटलं.

शुक्रवार पेठेतल्या घरी येईपर्यंत माझी सगळी कानडी आठवून झाली. एष्टु, बेकु, बेड, साकु. म्हणजे किती, हवं, नको, पुरे. एवढ्यावर बाजारात वांगी घेता येतात.

तसं कानडी येणारं माणूस घरातच आहे. सोजरअक्का, माझी थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षं ती अक्कलकोटच्या पलीकडे कानडी मुलखात नांदली. नवऱ्यानं टाकली म्हणून परत आली, असं गावात सगळे म्हणायचे. मी तेव्हा दहा महिन्यांचा होतो आणि आई नुकतीच गेली होती. तेव्हापासून अक्का आमच्याकडेच आहे. माझ्या बायकोला, मथुरेला, आता सातवा महिना लागेल, त्यामुळे चूल, पाणी आणि किल्ल्या सगळं अक्काकडेच आहे. तिला शेजारी बसवून चित्रपट पाहिला असता तर काम झालं असतं. पण मराठीच्या प्राध्यापकानं शाळेची पायरी न चढलेल्या बहिणीला कलात्मक चित्रपटाचा अर्थ विचारायचा, हे काही मनाला पटलं नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

दुपारी टॉकीजमध्ये हाशमभाईंनी मला एकट्याला चित्रपट दाखवला. ते तिथले ऑपरेटर. मधेच खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "सर, ह्याच्यात गानाबिना काय न्हाई का?" खरंच नाही. कोणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. एक घर, एक म्हातारा बाप, शहरातून नवी बायको घेऊन आलेला मुलगा राघव, आणि पन्नाशीची एक बाई. ही बाईच सगळं कोडं आहे. कमरेला किल्ल्या लावून दिवसभर कामात असते. एकदा घरात कोणी नसताना राघवची ट्रंक उघडते, तळातलं एक जुनं झबलं काढते, हुंगते आणि पदराखाली घेऊन जाते. शेवटी किल्ल्या उंबऱ्यावर ठेवून निघून जाते. राघव बघत राहतो, अडवत नाही. संपला चित्रपट.

पहिल्यांदा पाहून मला शष्प कळलं नाही. मग एक वाक्य सापडलं. अगदी सुरुवातीला राघव बायकोला त्या बाईची ओळख करून देतो, "इवळु नन्न साकुताई." ही माझी साकूताई. ते रीळ हाशमभाईंना पुन्हा लावायला सांगितलं. शंकाच नाही. बाई राघवची थोरली बहीण, नाव साकू. आणि साकु म्हणजे पुरे. आपल्याकडे मुली नकोशा झाल्या की नकुशा नाव ठेवतात, तशी ही साकू. एकदा नाव सापडल्यावर सगळी बाईच उलगडली. ही माहेरी पडून राहिलेली, कुणालाच नको असलेली बहीण. घरावर हक्क नाही म्हणून किल्ल्या सोडत नाही. झबलं पळवते ते भावाच्या होणाऱ्या मुलाच्या मत्सरापोटी. झबलं जुनं का, एवढं मात्र यात बसत नाही. पण कलाकृतीत असं काहीतरी राहायचंच.

एका शब्दातून एवढं काढलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. घरी मथुरेला सांगितलं तर ती म्हणाली, "उद्या वन्संना घेऊन येते मी. जन्मात सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी, आणि भाषाही त्यांच्या ओळखीची." मी म्हणालो, तिला तेवढा वेळ बसवणार नाही. खरं कारण वेगळं होतं. अक्का चार लोकांत मोठ्यानं बोलते. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण दैनंदिनीत तरी खरं लिहावं.

रविवार, १५ डिसेंबर

फत्ते झाली. सकाळी साडेनऊचा खेळ, आणि टॉकीज निम्म्याहून जास्त भरलं होतं. "साकू म्हणजे पुरे," असं म्हणून मी जरा थांबलो आणि टाळ्या पडल्या. मग ओघात पुष्कळ बोललो. "अशा साकूताई आपल्याही घरांतून आहेत. नवऱ्यानं टाकलेली बहीण माहेरी येते आणि भावाच्या संसाराला धरून बसते. तिच्या सेवेतसुद्धा एक सूड असतो." सेवेतला सूड हे शब्द पाहुण्यांनी वहीत टिपून घेतले. ते मी आदल्या दिवशी लिहून नेले नव्हते, बोलता बोलता सुचले.

तिसऱ्या रांगेत मथुरा आणि अक्का होत्या; मी नको म्हटलं तरी मथुरेनं तिला आणलंच. अक्कानं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. झबल्याच्या प्रसंगाला मी वळून पाहिलं तर ती पदर तोंडाला लावून रडत होती. बायकांना रडायला अर्थ कळावा लागत नाही.

खेळ सुटल्यावर दाराशी मी पाहुण्यांशी बोलत होतो. तेवढ्यात अक्का गर्दीतून वाट काढत जवळ आली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. पाहुण्यांनी तिच्याकडे बघत काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं आणि त्यांना चहाकडे घेऊन गेलो. मथुरेची ओळख चहाच्या वेळी करून दिली. पाहुणे म्हणाले, तुम्ही लिहिलं पाहिजे. लिहिणार आहे.

बुधवार, १८ डिसेंबर

आज सकाळी अक्कानं किल्ल्यांचा जुडगा मथुरेच्या हातात ठेवला. "तुज्या घरच्या हायती, तूच ठेव." मथुरा नको नको म्हणत होती. मी म्हणालो, घे, संसाराची सवय होईल.

नंतर कॉलेजात तास घेताना मनात आलं, माझं बोलणं तिला लागलं असेल का? पण तिला तेवढं कळलं असेल असं वाटत नाही. मी सगळं पुस्तकी मराठीत बोललो होतो. शिवाय ते चित्रपटातल्या बाईबद्दल होतं.

रविवार, २२ डिसेंबर

बार्शीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. पाच जानेवारीला हाच चित्रपट, हेच व्याख्यान. मंडळाच्या पत्रिकेसाठी लेखही आजच द्यायचा होता.

अक्का आज गावी गेली, चुलतभाऊ भीमाच्या शेतावर. "हुरड्याचं दिस हायती, जाते की," म्हणाली. कधी येणार विचारलं तर म्हणाली, "बघू." चौतीस वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या बाईचं सामान एका बोचक्यात मावलं. तिला एसटीवर सोडायला मीच जाणार होतो, पण लेखाची शेवटची दोन पानं राहिली होती. सात महिन्यांचं पोट घेऊन मथुरा गेली. आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. या दिवसांत बायका चिडचिड्या होतात म्हणे. मीही मग काही विचारलं नाही.

शनिवार, २८ डिसेंबर

आज न्हाणीत गेलो तर बंबात पाणी नव्हतं. बंब रोज कोणीतरी पेटवत होतं, हे आज कळलं. गार पाण्यानं आंघोळ केली. मथुरा म्हणते, बाळंतपणाला वन्सं नसतील तर मी बार्शीला आईकडे जाते. मी म्हणालो, अक्का येईल की. ती म्हणाली, "कशावरून?"

सोमवार, ३० डिसेंबर

आज माझं पितळ उघडं पडलं, तेही दह्याच्या गाडग्यापुढे.

दहीवाली निंगव्वा अक्काची जुनी मैत्रीण. दोघी ओट्यावर बसून कानडीत तासन्‌तास बोलायच्या. आज तिनं अक्का कधी येणार विचारलं. मग तिचं मलाच सुरू झालं. "सर, तुमी सिनेमा दाखिवले म्हणं. अक्का मला समदी गोष्ट सांगितली. सांगताना रडली, मी बी रडली. ती साकुतायि लई सोसली की हो."

मी म्हणालो, "साकूताईच. तिचं नाव साकू होतं ना."

"नाव कुटलं? तिचं नाव कोण बी घेत न्हाई, अक्का सांगितली. साकुतायि म्हंजे साकलेली तायि."

"साकु म्हणजे पुरे ना?"

"ते बी साकु, हे बी साकु. हे साकु म्हंजे वाढिवणं. तायि म्हंजे आई. पोटात घातली न्हाई, पर वाढिवली. यशोदाम्मा किस्नाची कोण? साकुतायि." गाडगं डोक्यावर घेता घेता ती सहज म्हणाली, "तुमची अक्का तुमची कोण, तसंच की."

मी दार लावून आत आलो आणि खाटेवर बसून राहिलो. ताई नव्हे, तायि. आई. राघव बायकोला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, हिनं मला वाढवलं. झबलं जुनंच असणार. ते त्याचंच होतं, तिनं त्याला घातलेलं. आणि मी भरल्या टॉकीजमध्ये त्या बाईला मत्सरी, सूड घेणारी, नकोशी ठरवून टाळ्या घेतल्या. अर्थ लावायला म्हणून गेलो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

अक्काला तर पहिल्या वाक्यालाच कळलं असणार. त्यानंतर ती सगळा वेळ तिथं बसून होती, माझं अर्ध्या तासाचं बोलणं डोक्यात घेऊन. मला फार लाज वाटते आहे. एवढी लाज मला पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

मंगळवार, ३१ डिसेंबर

मथुरेला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हणालो, बार्शीला सर्वांसमोर चूक कबूल करतो. ती म्हणाली, "आधी गावाला जा. बार्शीचं नंतर बघा." मी म्हणालो, चूक जाहीर झाली तर माफीही जाहीर हवी. हे वाक्य मला पटलं होतं.

रविवार, ५ जानेवारी १९७५

बार्शीला बोललो. "मित्रहो, आज मी तुमच्यासमोर गुन्हेगार म्हणून उभा आहे," अशी सुरुवात केली. साकु, तायि, यशोदा, सगळं सांगितलं. म्हणालो की, ही बाई धरून बसणारी नाही, सोडून देणारी आहे. किल्ल्या ती रागानं ठेवत नाही, आपलं काम झालं म्हणून ठेवते. सभागृह गार झालं होतं. शेवटी सोलापूरपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले, एवढा प्रांजळपणा हल्ली दुर्मीळ झालाय. परतताना एसटीत छाती हलकी झाल्यासारखं वाटत होतं.

मथुरेला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे चुकलात तेव्हाही टाळ्या, कबूल केलंत तेव्हाही टाळ्या. वन्संना कोणी काही सांगितलं का?"

मग हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आणि तुम्हाला अजून वाटतं ते शब्दावरून गेल्या?"

मी विचारलं, मग कशावरून? ती म्हणाली, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. इथेही तसंच लिहिणार होतो.

रविवार, १२ जानेवारी

आज गावी जाऊन आलो. एसटीत काय बोलायचं याची मनात चार वेळा उजळणी केली. पहिलं वाक्य होतं, "अक्का, तुझ्या उपकारांची मला जाण आहे." भाषणं करणाऱ्या माणसाला माफीलासुद्धा सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो.

भीमा फाट्यावर न्यायला आला होता. बांधावरून जाताना मी त्याला विचारलं, अक्काला दाजींनी टाकलं ते नेमकं कशावरून? भीमा चालता चालता थांबला.

"टाकली कोण म्हणतंय? तीनदा न्यायला आलता त्यो. तिसऱ्या खेपंला तर बैलगाडी जुपून आलता. तू तिच्या गळ्यात मिठी मारून बसलावता, सुटंना. ती म्हणली, हे पोरगं कळतं हुईस्तवर न्हाय येत. मग त्यानं दुसरी केली. बायकूच नांदाय येत न्हाय म्हणली की गाव काय बी बोलतंय. म्हणून तुज्या बापानंच टाकली म्हणून सांगितलं. बाप्या माणसाच्या माथी मारलं की मिटतंय की."

"अक्कानं मला कधीच सांगितलं नाही."

"तुला सांगून काय करायचं? तू काय परत लहान हुणार हाईस व्हय?"

त्या क्षणी माझी उजळणी केलेली सगळी वाक्यं गेली. नवऱ्यानं टाकलेली बहीण. हे मी ध्वनिक्षेपकावर म्हणालो होतो, ती तिसऱ्या रांगेत इरकली लुगडं नेसून बसलेली असताना.

अक्का वस्तीवर आगटीपुढं बसून कणसं भाजत होती. मला पाहून तिला आनंद झाला. तो लपवायचं तिला सुचलं नाही. "आलास व्हय? वाळलास की. मथुरा बरी हाय? पायाला सूज हाय का तिच्या?" एवढं विचारून होईस्तोवर तिनं तळहातावर कणीस चोळून गरम हुरडा माझ्या पुढ्यात घातला, लसणाची चटणी वाढली. मी खात बसलो. पस्तिसाव्या वर्षीसुद्धा मी गेलो की आधी खायलाच बसतो.

मग म्हणालो, "अक्का, चुकलं माझं. निंगव्वानं सांगितला त्या शब्दाचा अर्थ. तुला तेव्हाच कळलं होतं?"

"कळंना काय? पयल्याच बोलाला कळलं."

"मग तिथंच का नाही सांगितलंस?"

"चारचौघात लेकराचं चुकलं तर हाळी द्यायची आस्ती व्हय? खेळ सुटल्यावर कानात सांगावं म्हणून आलते की तुज्याकडं. म्हणलं, पुढं कुटं बोलशील तर नीट बोलशील."

मी खाली बघून म्हणालो, "मला कानडी येत नाही गं. उगाच येते म्हणून सांगितलं. ऐकण्यात चूक झाली."

"व्हय. ते कानडी हुतं, चुकायचंच." तिनं आगटीतलं कणीस उलटं केलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "पर ही कोण म्हणून त्या पावण्यानं मराठीत इचारलं हुतं की रं."

दुसरं कणीस काढून तिनं ते माझ्यासाठी चोळायला घेतलं.

निघताना मी म्हणालो, "चल ना घरी." ती म्हणाली, "बाळंतपणाला यीन. मथुरासाठी यीन. ती म्हैनाभर हिंडतीफिरती झाली की परत यीन हितं." फाट्यापर्यंत ती आली नाही, भीमा आला.

पंधरा डिसेंबरच्या पानावर मी ‘काहीतरी सांगितलं’ असं लिहून सुटलो होतो. पाहुण्यांनी विचारलं होतं, "या कोण?" अक्का माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, हसत. मी म्हणालो होतो, "गावाकडची बाई आहे, घरकामाला असते."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मथुरेनं दार उघडलं, माझ्या मागे रस्त्यावर बघितलं, आणि मी आत आल्यावर दार लावून घेतलं.